सांधेवाला

शर्टाच्या खिशात हात घालून बघा. बोटाएवढा एक बोर्ड आहे, त्यावर नखापेक्षा लहान काळी चिप. तिच्या पोटात 5,280 तर्ककप्पे आहेत. बघितलंत? आता तो बोर्ड परत आत सारा. आपण जिथे चाललो आहोत तिथे तो कुणालाही दाखवायचा नाही, प्रवासाची एवढी एकच अट. मोह होईल. पहिल्याच मुक्कामी होईल.

1963. लॉस एंजलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. दार ढकलता तोच राळेचा वास नाकात शिरतो. आत कुणीतरी नुकतंच सोल्डर मारलेलं आहे. पांढरे शर्ट, अरुंद टाय, सिगारेटचा धूर. समोर 36 खाचांचा एक पाट उभा केलाय. प्रत्येक खाचेत एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल खोचायचं, आणि पाटाच्या पाठीमागे तारांची जुडी. एक तरुण इंजिनियर तुमच्याकडे ढुंकूनही न बघता एक मॉड्यूल उपसतो, त्याजागी दुसरं बसवतो, मग मागच्या बाजूला जाऊन तारांची जुडी काढून वेगळी जुडी लावतो. मघाशी एक हिशोब करणारं यंत्र आता दुसराच हिशोब करणार आहे.

तुम्हाला हसू येतं. हे तर आपल्या सोऱ्यासारखं आहे! नळकांडं तेच, दट्ट्या तोच. चकती बदलली की चकलीची शेव होते. हसा, पण हळू. या खोलीत जे चाललंय ते जेराल्ड एस्ट्रिन यांनी 1960 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडलेलं आहे. त्यांनी त्याला नाव दिलंय ‘स्थिर अधिक चल’ रचनेचा संगणक. एक भाग नेहमीच्या संगणकाचा, तो बदलत नाही. त्याला जोडलेला दुसरा भाग प्रश्नागणिक आपली अंगकाठीच बदलतो.

एस्ट्रिन कुठून आले हे माहीत असेल तर या पाटाची गंमत दुप्पट होते. एनिॲक नावाचा पहिला अजस्र संगणक दर प्रश्नाला केबली उपसून, बटणं फिरवून नव्याने जुळवावा लागायचा. एकेका जुळणीत दिवस जायचे. या जाचातून सुटण्याची वाट जॉन फॉन नॉयमन यांच्या 1945 च्या मसुद्याने दाखवली: यंत्र तसंच ठेवा, आज्ञा स्मृतीत लिहा, आज्ञा बदलल्या की काम बदललं. प्रिन्स्टनला फॉन नॉयमन यांनी असा संगणक बांधायला घेतला तेव्हा त्या बांधकामावर एस्ट्रिन होते. पुढे इस्राएलला जाऊन त्यांनी त्याच घराण्यातला वायझॅक उभा केला. म्हणजे तारा उपसण्याचा व्याप ज्या घराने कायमचा मोडीत काढला, त्याच घरचा माणूस पंधरा वर्षांत पुन्हा तारा उपसत बसलाय. जॉन पास्ता या गणितज्ञाने त्यांना डिवचलं होतं म्हणे: संगणक कंपन्यांच्या हाती गेल्यापासून त्याची रचना वेगळी असू शकते का हे कुणी तपासतच नाही, तुम्ही तपासा.

का तपासायचं? लग्नघरातला आचारी आठवा. तो एकटा आहे, हुशार आहे, वाट्टेल ते करू शकतो. पण प्रत्येक कृतीला वही उघडून पुढची ओळ वाचतो, कोठीतून जिन्नस आणतो, काम करतो, उरलेलं कोठीत ठेवून येतो. फॉन नॉयमन यांचा संगणक हा असा आहे. त्याचा बराचसा जन्म कोठीकडे हेलपाटे घालण्यात जातो. उलट पुरणयंत्राला वही लागत नाही. एका बाजूने डाळ, दुसरीकडून पुरण. त्याला बाकी काही येत नाही, पण जे येतं त्यात आचाऱ्याने त्याच्याशी शर्यत लावू नये. एस्ट्रिन यांना आचारीही हवा होता आणि पुरणयंत्रही, आणि पुरण संपलं की त्याच यंत्राचं खवणीत रूपांतर करायचं होतं.

तुमचा हात खिशाकडे जातोय. नको. समोरच्या पोराने मॉड्यूल चुकीच्या खाचेत बसवलंय, त्याच्या आत्ता लक्षात आलं. तो पुटपुटतो, उपसतो, पुन्हा बसवतो. चुकीची किंमत: काही मिनिटं आणि एक शिवी. हे लक्षात असू द्या, पुढे दर मुक्कामी हाच भाव विचारायचा आहे.

पुढची बावीस वर्षं झरझर जाऊ द्या. कल्पना बरोबर असून रखडते, कारण तार ही वस्तू होती आणि वस्तू बदलायला हात लागतात. दरम्यान सगळं यंत्रच एका सिलिकॉनच्या तुकड्यावर मावू लागलं, आणि चुकीचा भाव भलताच चढला. पाटावरची तार सोडवता येते. चिपमध्ये कोरलेली तार कोरली ती कोरली. एक जोड चुकला तर कोरण्याचे नवे साचे, नवी फेरी, आठवडेच्या आठवडे थांबणं आणि डॉलरची थैली. तिथे शिवी देऊन भागत नाही.

1985, सॅन होजे. झायलिंक्स नावाची, वर्षभरापूर्वी निघालेली छोटी कंपनी. स्वतःचा कारखाना नाही. चिप जपानमध्ये सेइको बनवून देते. संस्थापकांपैकी रॉस फ्रीमन यांचं म्हणणं त्या काळच्या चिपवाल्यांना निव्वळ उधळेपणाचं वाटतं. ट्रान्झिस्टर म्हणजे तेव्हा सोनं. एकेक वाचवण्यासाठी इंजिनियर रात्री जागवतात. फ्रीमन सांगतात: ट्रान्झिस्टर फुकटात पडणार आहेत असं धरून चला, आणि मग ते वाया घालवून काय मिळतं ते बघा.

मिळालेली वस्तू तुमच्यासमोर आहे: एक्ससी 2064. ट्रान्झिस्टर सुमारे 85,000. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. आठ आडव्या रांगा, आठ उभ्या, 64 चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. आता एका चौकोनात उतरा.

तुम्ही गणित करणारं काहीतरी शोधताय. इथे तसं काही नाही. इथे सोळा उत्तरांचं एक कोष्टक आहे. चार तारा आत येतात, प्रत्येकीवर शून्य किंवा एक, म्हणून सोळा शक्यता. शक्यतेसमोर जे उत्तर लिहिलंय ते बाहेर. बस. जुन्या वाण्याला पावकी-निमकी पाठ असायची. सतरा पाव किती म्हटल्यावर तो मनात भागाकार करायचा नाही, आठवायचा. हा चौकोनही आठवतो. कोष्टकात वेगळी सोळा उत्तरं भरली की चौकोन वेगळं फळ देतो, आणि सोळा जागांत शून्य-एक भरण्याच्या तऱ्हा 65,536 आहेत. उत्तर क्षणभर धरून ठेवायला शेजारी एक छोटी टाचणीएवढी स्मृती. ‘तर्क’ म्हणून जे काही होतं ते आता पाठांतर झालेलं आहे.

पण खरी करामत चौकोनांत नाही, चौकोनांच्या मधल्या गल्ल्यांत आहे. वर या. भुसावळचं यार्ड उंचावरून बघितल्यासारखं दिसतंय ना? रूळ सगळीकडे आधीच अंथरलेले. नवा रूळ टाकायचाच नाही, फक्त सांधे कुठे वळवायचे ते ठरवायचं. प्रत्येक सांध्याशी एक सांधेवाला उभा आहे, आणि तो सांधेवाला म्हणजे स्मृतीचा एक बिट. एक असेल तर तार जोडलेली, शून्य असेल तर तोडलेली. या चिपमध्ये असे रचनेचे बिट अकरा हजारांवर आहेत. कोष्टकांचे किती? 64 गुणिले 16, म्हणजे 1,024. दहावा हिस्साही नाही. बाकी सगळी फौज सांधे वळवायला आणि जुळवाजुळवीला.

एस्ट्रिन यांच्या पाटामागची जुडी ती हीच. तार आता वस्तू राहिली नाही, ती लिहिता येते आणि खोडताही येते. या एका पालटासाठी बावीस वर्षं थांबावं लागलं.

वीज गेली की ही चिप सगळं विसरते, हा तिचा स्वभाव. दर वेळी चालू करताना तिला ती कोण आहे हे नव्याने सांगावं लागतं. शेजारी एक स्मृतीची चिप ठेवायची, ती कानात नाव सांगते. विक्रीच्या दृष्टीने हे वैगुण्यच. पण चुकीचा भाव विचारा. आराखडा चुकला? दुरुस्त करा, पुन्हा भरा. फ्रीमन 1989 मध्ये गेले, पुरते पन्नाशीलाही न पोचता. ट्रान्झिस्टर किती स्वस्त होणार हे त्यांनी बघितलं नाही.

वाटेत एका मुक्कामावर पाय टेकवून पुढे जाऊ. नव्वदच्या सुमाराला, अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये, सुपरकॉम्प्युटिंग संशोधन केंद्रात ‘स्प्लॅश’ नावाच्या बोर्डावर अशा 32 चिपा एकामागोमाग ओवल्या आहेत. डीएनएच्या दोन माळा किती जुळतात हे तपासायचं आहे. माळा चिपांच्या रांगेतून परस्परांसमोरून सरकतात आणि प्रत्येक टप्प्यावर तुलना होते. क्रे-2 या महासंगणकाच्या तीनशे पटींहून अधिक वेगाने. या कामाच्या निबंधावर माया गोखले हे नाव पहिलं आहे. आडनाव वाचून मराठी माणूस क्षणभर घुटमळतोच, घुटमळा आणि चला. नव्वदीत या विद्येला भरती आली. पॅरिसला डेक या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत, ब्राऊन विद्यापीठात, बर्कलीला, कार्नेगी मेलनला जो तो प्रोसेसरला अशी बदलती शेपूट लावून बघत होता. 1993 पासून नापा खोऱ्यात वार्षिक परिषद भरू लागली. फॉन नॉयमनचं राज्य संपलं असं बोलण्याइतपत हवा गरम होती. राज्य संपलं नाही. माझं मत विचाराल तर बरंच झालं. आराखडा चिपवर बसवायला संगणकाला तासन् तास लागतात. एवढ्या वेळात साधा प्रोसेसर काम उरकून झोपलेला असतो. पुढे टोरांटोच्या इयन क्युऑन आणि जोनाथन रोझ यांनी 2006 च्या सुमाराला रीतसर मोजून दाखवलं की निव्वळ तर्काचं काम या चिपवर केलं तर खास घडवलेल्या चिपच्या मानाने सुमारे 35 ते 40 पट जागा लागते आणि वेग तिसरा-चौथा हिस्सा उरतो. सांधेवाल्यांच्या फौजेचा पगार तो हा.

1996. इंग्लंड, ब्रायटनजवळ ससेक्स विद्यापीठ. इथे थोडं बसू, कारण यानंतर तुम्हाला खिशातल्या बोर्डाची किंचित भीती वाटू लागेल.

एड्रियन थॉम्पसन यांच्या टेबलावर झायलिंक्सचीच एक्ससी 6216 चिप आहे. ती निवडण्याचं कारण वेगळंच: तिच्यात काहीही वेडंवाकडं भरलं तरी ती जळत नाही. काम सोपं. आत कधी 1 किलोहर्ट्झचा सूर येईल, कधी 10 किलोहर्ट्झचा. कोणता आला ते बाहेर सांगायचं. एका कोपऱ्यातले दहा बाय दहा कप्पे एवढीच जागा. आणि घड्याळ नाही. ज्याच्या तालावर सगळ्या डिजिटल चिपा पावलं टाकतात ते घड्याळच थॉम्पसन देत नाहीत.

आराखडा कुणी काढत नाही. 50 यादृच्छिक आराखडे भरायचे, प्रत्येकाला दोन्ही सूर उलटसुलट क्रमाने पाचपाच वेळा ऐकवायचे, गुण द्यायचे. बऱ्यांचा संकर, थोडा बिघाड, पुढची पिढी. तुम्ही पडद्याकडे बघताय. पहिल्या पिढ्या ठार बहिऱ्या. दिवस जातात, आठवडा जातो. हळूहळू रेषा थरथरायला लागते, मग दोन सुरांना दोन वेगळे प्रतिसाद, आणि हजारो पिढ्यांनंतर निर्मळ उत्तर: हा हा, तो तो.

आता आराखडा उघडून बघा. कुणालाही तो वाचता येत नाही. ज्या कप्प्यांचा बाहेरच्या तारेशी काही संबंध नाही ते काढत गेलं तर बहुतेक निघतात. पण काही कप्पे असे, की ज्यांच्यापासून बाहेरच्या तारेपर्यंत जोडलेली एकही वाट नाही, आणि तरीही त्यांना हात लावला की सगळं बिघडतं. आराखडा त्याच चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला तर लंगडतो. खोलीचं तापमान बदललं तरी लंगडतो. शून्य आणि एक ही आपण माणसांनी पाळलेली शिस्त आहे. सिलिकॉनला तिचं बंधन नव्हतं. त्याने त्या विशिष्ट तुकड्याचे, त्या विशिष्ट कोपऱ्यातले बारकावे वापरले. चुका फुकट झाल्या की चुकाच कारागीर होतात, आणि त्या कारागिराला हिशोब विचारता येत नाही. मला हा प्रयोग विज्ञानकथेपेक्षा थरारक वाटतो. इंजिनियर मंडळींना तो फार पचला नाही. ज्या यंत्राला ‘असं का?’ विचारता येत नाही ते विमानात कोण बसवणार?

2007, बर्कली. खोलीत पंख्यांची घरघर, कपाटांत रचलेले 21 जाड बोर्ड. इथे नळकांडंही नाही आणि चकतीही नाही. इथे सोऱ्याचा वापर दुसरे सोरे घडवून बघण्यासाठी चाललाय.

अडचण अशी. काही वर्षांपूर्वी प्रोसेसरचा वेग वाढवण्याचा राजमार्ग उष्णतेपाशी येऊन थबकला. मे 2004 मध्ये इंटेलने आपला पुढचा भरधाव प्रोसेसर, टेहास, रद्द केला आणि सगळे एका चिपवर अनेक प्रोसेसर, म्हणजे गाभे, बसवण्याकडे वळले. मग हजार गाभ्यांचा संगणक कसा असावा? तो अस्तित्वात नाही, म्हणून त्यासाठी कुणी प्रणाली लिहीत नाही. प्रणाली नाही, म्हणून तो कसा बांधावा हे कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याची हुबेहूब नक्कल करता येते, पण ती हजारो पटींनी रांगते. वास्तुविशारदाने घराचं चित्र दाखवावं आणि दार उघडून आत जाता येऊ नये, तशी गत.

डेव्हिड पॅटरसन, जॉन वाव्झिनेक, क्रस्ते असानोविच यांच्यासारखी मंडळी ‘रॅम्प’ या प्रकल्पात एकत्र आली ती यासाठी. समोरच्या बोर्डांपैकी प्रत्येकावर कामाच्या चार मोठ्या चिपा, प्रत्येक चिपेत आखलेले बारा गाभे. गुणाकार करा: 1,008. हे गाभे कुठल्याही कारखान्यात कोरलेले नाहीत, कोष्टकांत आणि सांध्यांत भरलेले आहेत, आणि त्यांच्यावर खऱ्या प्रणाली चालताहेत. दुपारी कुणाला वाटलं की गाभ्यांमधला रस्ता वेगळा हवा, तर तो रात्री आराखडा बसवायला लावून घरी जातो आणि सकाळी नव्या संगणकासमोर बसतो.

माझ्या मते या विद्येने संगणकाच्या रचनाशास्त्राला दिलेली सगळ्यात मोठी देणगी ही आहे, वेगाचे आकडे नव्हेत. प्राध्यापकाच्या आणि विद्यार्थ्याच्या हाती चुकायची सोय आली. 2010 मध्ये याच बर्कलीत रिस्क-फाइव्ह नावाचा प्रोसेसरचा आज्ञासंच आखायला घेतला गेला, आणि तिथले गाभे सिलिकॉनमध्ये जाण्याआधी अशाच चिपांवर चालून बघितले गेले. मद्रास आयआयटीतल्या ‘शक्ती’ प्रोसेसरचे गाभेही अशा बोर्डावर भरून विद्यार्थी वापरतात. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगच्या शोधासाठी 1,632 सर्व्हरांत अशा चिपा बसवून निकाल लावण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट केल्याचं जाहीर केलं. पुढे इंटेलने अशाच चिपा करणारी अल्टेरा विकत घेतली, एएमडीने झायलिंक्स. ती बाजाराची गोष्ट, ती वर्तमानपत्रांत येऊन गेली.

शेवटचा मुक्काम घराजवळ. पुणे-नाशिक रस्ता, नारायणगाव. द्राक्षांचे मांडव, तमाशाच्या फडांच्या राहुट्या, आणि उजवीकडे वळून खोडद. फाटकाशी पहारेकरी मोबाइल बंद करायला सांगतो. इथे शांतता हवी, कानाची नव्हे, रेडिओची. शेतांमधून 45 मीटर व्यासाच्या जाळीच्या ताटल्या आभाळाकडे वळलेल्या: जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. अशा 30, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. प्रत्येकीकडून दोन संकेत काचतंतूंतून मधल्या इमारतीत येतात. एकूण 60.

पूर्वी इथे एका वेळी 32 मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकला जायचा. नूतनीकरणात तो 400 पर्यंत गेला. 400 मेगाहर्ट्झचा संकेत अंकांत पकडायचा तर सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. एका संकेताचे. असे साठ. ही दहीहंडीची गर्दी वही वाचणाऱ्या आचाऱ्यासमोर उभी करून चालणार नाही. दाराशीच कुणीतरी न थांबता, न विसरता, एका तालात प्रत्येकाला टोकन देऊन रांगेत लावणारा हवा. मग आत आलेखी प्रोसेसरांची कपाटं आहेत, ती पुढचं गणित करतील.

दारावरचे बोर्ड बघा. नाव ‘रोच’, म्हणजे चक्क झुरळ. बर्कली आणि दक्षिण आफ्रिकेच्या खगोलवाल्यांनी मिळून घडवलेला, आराखडा सर्वांना खुला असलेला बोर्ड. जगभरच्या दुर्बिणींच्या तळघरांत तो झुरळासारखाच पसरला. मधोमध झायलिंक्सची व्हर्टेक्स-5. तिच्या शेजारी एक छोटा साधा प्रोसेसर, लिनक्स चालवणारा. स्थिर अधिक चल; 1963 च्या त्या खोलीतला पाट इथे कपाटात आडवा पडलाय. आराखडा म्हणजे एक फाइल. लिनक्सवर एखादी प्रणाली चालवावी तशी ती चालवायची, की सांधे फिरतात. फाइल थांबवली की सांधेवाले घरी.

कुणीतरी कळफलकावर एक ओळ लिहून एंटर दाबतं. बोर्डावरचे दिवे क्षणभर विझतात. त्या क्षणी ती चिप काहीच नसते. मग एक हिरवा दिवा लागतो, पाठोपाठ दुसरा, आणि तारांवर आकडे वाहू लागतात.

बाहेर पडताना पहारेकरी खिसे दाखवायला सांगतो. तुम्ही बोर्ड काढून त्याच्या टेबलावर ठेवता. तो उलटसुलट करतो, विचारतो, ‘‘साहेब, हे चालू आहे का?’’ नाही, लॉस एंजलिसपासून याला वीज मिळालेली नाही. तिथे अट मोडून तुम्ही तो एस्ट्रिन यांच्याकडच्या त्या तरुण इंजिनियरच्या हातात ठेवला असतात, तरी त्याला काळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा दिसला असता.

‘‘मग न्या,’’ पहारेकरी म्हणतो, आणि वहीत वेळ लिहितो.